दहावीच्या पुढची वाट : दिव्यांग विद्यार्थ्यांची पूर्वतयारी



दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी गावात पेढ्यांचे पुडे फिरतात. कोणाला किती टक्के मिळाले, कोण कोणत्या शाखेला जाणार, कोणाचा नंबर तालुक्याला लागणार नि कोणाचा जिल्ह्याला, ह्याची चर्चा पारापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालते. त्याच गावात एखाद्या घरी पायाने अधू असलेली, कमी ऐकू येणारी किंवा डोळ्यांनी न दिसणारी मुलगीही पास झालेली असते. तिच्याही घरी पेढे येतात. लोक तिचे कौतुक करतात, आणि इतरांपेक्षा जरा जास्तच करतात. पण "आता पुढे काय?" हा प्रश्न तिला कोणी विचारीत नाही. पास झाली, एवढ्यावर सगळ्यांचे समाधान झालेले असते. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत आपण तिच्या घरी गेलात, तर ती उंबऱ्याच्या आत बसलेली दिसते. बुद्धी आहे, वाचनाची आवड आहे, पण घरी.

तिचे शिक्षण कशाने थांबले? घरची गरिबी, कॉलेजचे अंतर, मुलीची जात, ही कारणे खरीच आहेत. परंतु मला वाटते, आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या हातातले आहे. आपण तिला दहावी पास होण्यासाठी तयार केले. दहावीच्या पुढे जगण्यासाठी केले नाही. तिची वही दुसऱ्याने लिहिली, दप्तर दुसऱ्याने उचलले, अर्ज दुसऱ्याने भरला आणि डॉक्टरांपुढे तिच्या वतीने वडीलच बोलले. हे सर्व मायेपोटी झाले ह्यात शंका नाही. पण कॉलेजात ही माया बरोबर जात नाही. म्हणून ही तयारी दहावीच्या निकालानंतर नव्हे, तर आठवी-नववीत सुरू करावयास हवी. ती कशी करावयाची, ह्याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. विशेषतः शिक्षक बंधुभगिनींशी, आणि अशा मुलांच्या आईवडिलांशी.

आधी शब्दाविषयी थोडे. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असा शब्द असतो. गावात अजून 'अपंग' म्हणतात, आणि कधी कधी ह्याहून वाईटही म्हणतात. मी कागदावरचा शब्द वापरणार आहे. तरी वर्गात आपण मुलाला त्याच्या नावानेच हाक मारावी, हे सांगावयास नकोच. नको असे म्हणतो खरा, पण 'ए लंगड्या' ही हाक शाळेच्या आवारात मी ऐकलेली आहे, आणि ती फक्त मुलांच्या तोंडून नव्हे.

आपल्या प्रांतात ह्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न नवा नाही. मूकबधिर मुलांची शाळा मुंबईत १८८५ साली निघाली. अंध मुलांची शाळा १९०० साली ॲना मिलार्ड नावाच्या अमेरिकन मिशनरी बाईंनी मुंबईतच काढली. पण ह्या शाळा शहरांत राहिल्या. खेड्यातले दिव्यांग मूल एक तर घरी राहिले, नाही तर वसतिगृहाच्या शाळेत दूर गेले. आज चित्र बदलले आहे. २०१६ साली संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मोजले जाई; आता एकवीस प्रकार मोजतात. त्यांत लिहिण्या-वाचण्यातली अक्षमता, स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया हेही येतात. ज्याचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक आहे, अशा मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. उच्च शिक्षण देणाऱ्या सरकारी व अनुदानित संस्थांत त्याच्यासाठी किमान पाच टक्के जागा आहेत, आणि वयाच्या अटीत पाच वर्षांची सूट आहे. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा आहेत.

म्हणजे दार कायद्याने उघडले आहे. आता दारापर्यंत चालत जाण्याचे बघू.

पहिली गोष्ट कागदाची. ती कंटाळवाणी आहे, पण तीच चुकली तर बाकीचे सगळे अडते. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या ऑनलाइन पद्धतीनेच मिळते, आणि त्याबरोबर 'यूडीआयडी' नावाचे ओळखपत्र येते. अर्ज संगणकावर भरावयाचा, आणि तपासणी सरकारी रुग्णालयात ठरलेल्या दिवशी. गावापासून जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे म्हणजे बापाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. एका खेपेत काम होईलच असेही नाही. दहावीचे फॉर्म भरण्याच्या आठवड्यात ही धावपळ सुरू केली तर ती वेळेत पुरी होत नाही. म्हणून आठवीतच हे काम काढावे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधले नाव, आधारवरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव एकच आहे ना, हे गुरुजींनी स्वतः पाहावे. एका वेलांटीपायी अर्ज परत येतो. आणि आणखी एक: प्रमाणपत्र कायमचे आहे की ठरावीक मुदतीचे, ते वाचावे. मुदतीचे प्रमाणपत्र नेमके अकरावीच्या प्रवेशात संपलेले असते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत; फॉर्ममधला दिव्यांगाचा रकाना भरायचा राहिला, तर तो मुलगा सर्वसाधारण रांगेत जाऊन पडतो.

नववीपासून केंद्र सरकारची दिव्यांगांसाठीची शिष्यवृत्ती असते आणि अकरावीच्या पुढे निराळी असते. दोन्हीचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर भरावयाचे. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळेत बोलावून घ्यावे. ते आपण होऊन येतील अशी वाट पाहू नये, कारण त्यांच्याकडे शाळा पुष्कळ असतात.

आता मी जरा खोलात जातो, कारण पुढची गोष्ट मी स्वतः चुकलो तेव्हा शिकलो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्याच्या हातांवर ताबा नव्हता. बोलणे सावकाश, पण स्पष्ट. गणितात त्याचे डोके विलक्षण चाले. त्याच्यासाठी लेखनिकाची परवानगी मी वेळेत आणली आणि मोठे काम केले अशा समाधानात राहिलो. लेखनिक म्हणून खालच्या वर्गातला एक मुलगा ठरवला. त्या दोघांची गाठ पडली ती थेट परीक्षेच्या दिवशी. भाषेचा पेपर कसाबसा निभावला. गणिताच्या पेपरात मात्र घोटाळा झाला. हा म्हणाला, "दोन एक्स अधिक तीन भागिले पाच." त्याच्या मनात होते, दोन एक्स अधिक तीन ह्या सबंध रकमेला पाचने भागायचे. त्या लहान मुलाने फक्त तीनच्या खाली पाच लिहिले. चूक त्याची नव्हती. त्याने ऐकले ते लिहिले. पुढची सारी उदाहरणे ह्याच घोळात गेली, आणि वेळही गेला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "गुरुजी, मला सगळं येत होतं. पण सांगता आलं नाही."

मी त्याला परवानगी आणून दिली, पण सांगायला शिकवले नव्हते.

लेखनिकाला सांगून उत्तर लिहवून घेणे ही एक विद्या आहे, आणि ती नववीपासून शिकवावी लागते. आठवड्यातून एक तास पुरे. गणित सांगताना कंस तोंडाने म्हणावयाचा: "कंस सुरू, दोन एक्स अधिक तीन, कंस पुरा, भागिले पाच." प्रत्येक पायरी नव्या ओळीवर, आणि ओळ संपली की "वाच बघू" असे म्हणून ती परत ऐकायची. भूमितीत आधी बिंदूंना नावे द्यायची आणि मग रेषा सांगायची: "पाया बीसी, सहा सेंटिमीटर, आडवा, बी पाशी काटकोन, वरच्या बाजूला." भाषेच्या पेपरात परिच्छेद कुठे, पूर्णविराम कुठे, अवघड शब्दात ह्रस्व की दीर्घ, हे विद्यार्थ्याने सांगावयाचे. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो. त्याला आपला विषय येत नाही हे धरूनच चालावयाचे. सरावासाठी दर वेळी निराळा लेखनिक द्यावा. एकाच मित्राची सवय झाली की तो अर्ध्या वाक्यावरून पुढचे ओळखू लागतो, आणि परीक्षेला नेमका तो मित्र आजारी पडतो.

जादा वेळेचेही तसेच. ताशी वीस मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. ऐकायला हे चांगले वाटते. पण पाठीच्या कण्यात बळ नसलेल्या मुलीला चार तास सलग बसणे ही शिक्षाच आहे. बसावयाचा सराव, मध्ये उठण्याची सोय, पाण्याची बाटली, योग्य उंचीचे टेबल, हे सारे आधी करून पाहिले तरच त्या एका तासाचा उपयोग. आणि ज्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांहून कमी आहे, पण लिहिताना हात आखडतो, त्याने निराश होऊ नये. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका उमेदवाराच्या खटल्यात सांगितले की लेखनिकाची सोय केवळ टक्क्यांवरून नाकारता येणार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा उमेदवारांसाठी निराळे नियम केले. डॉक्टरचा दाखला मात्र लागतो.

आता सवलतींविषयी एक नाजूक गोष्ट. आपले परीक्षा मंडळ काही प्रकारच्या दिव्यांग विद्यार्थ्यांना विषयांत सवलती देत आले आहे: एखादी भाषा कमी घेणे, किंवा गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेणे. ज्या मुलाला आकड्यांची उलटापालट होते, ज्याच्या डोक्यात बीजगणित कितीही करून शिरत नाही, त्याला ही सवलत म्हणजे जीवदान आहे. ती जरूर घ्यावी. पण मी असे पाहिले आहे, की मुलगा आंधळा आहे म्हणून गणित सोडले. मुलगी बहिरी आहे म्हणून इंग्रजी सोडले. न दिसण्याचा आणि गणिताचा काय संबंध? फळ्यावरचे गणित तोंडाने बोलून सोडवण्याचे कष्ट शिक्षकाला नको होते, एवढाच. आणि नववीत चार महिन्यांचा त्रास वाचवण्यासाठी टाकलेल्या सहीने विज्ञान, तंत्रनिकेतन, संगणक, बँकेच्या परीक्षा, अशी एकेक दारे पुढे जड होत जातात. सवलतीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मुलाला शेजारी बसवावे, आणि ह्या विषयावाचून पुढचे कोणते मार्ग बंद होतात ते त्याला सांगावे. मग त्याने ठरवावे. चौदा वर्षांच्या मुलाला एवढे कळते.

न दिसणाऱ्या मुलांविषयी एक प्रश्न मला नेहमी विचारतात: "आता मोबाइल सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला शिकायची?" प्रश्न रास्त आहे. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ च्या सुमारास ठरली. तेव्हा ती बोटांनी वाचण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग आहेत. पण कानाने ऐकणाऱ्याला शब्दाचे शुद्धलेखन कळत नाही, समीकरण डोळ्यांपुढे राहत नाही, आणि सभेत उभे राहून स्वतःचे टिपण वाचता येत नाही. म्हणून ब्रेलही हवी आणि संगणकही हवा. संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारी 'एनव्हीडीए' ही प्रणाली फुकट मिळते. ती २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केली. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतेच. शाळेच्या संगणकावर गुरुजींनी एनव्हीडीए बसवून घ्यावी, आणि नववी-दहावीच्या दोन वर्षांत मुलाने कळफलकावर मराठी व इंग्रजी टंकलेखन पक्के करावे. कॉलेजात गेल्यावर हे शिकू म्हटले तर पहिले वर्ष त्यातच जाते आणि अभ्यास मागे पडतो. ज्याला थोडे दिसते त्याला मात्र उगाच ब्रेलच्या मागे लावू नये. खिडकीजवळची जागा, मोठे अक्षर, जाड रेघांची वही आणि काळे शाईपेन एवढ्यानेही त्याचे काम होऊ शकते.

आणि पांढरी काठी. ती घेऊन शाळेपासून थांब्यापर्यंत, थांब्यापासून तालुक्याच्या स्टँडपर्यंत स्वतः जाता येणे हा अभ्यासक्रमाचाच भाग समजावा. पहिल्यांदा बापाबरोबर, मग मित्राबरोबर, मग मित्र दहा पावले मागे, मग एकट्याने. एस.टी.त दिव्यांगांना भाड्यात सवलत आहे. कंडक्टरशी ती बोलून घेणे हेही मुलानेच करावे. आई घाबरेल. घाबरू द्यावे, पण जाऊ द्यावे.

कानांनी अधू असलेल्या मुलांचा प्रश्न बाहेरून सोपा दिसतो आणि आतून सर्वांत कठीण असतो. ती चालतात, बघतात, अक्षरही सुंदर काढतात. म्हणून आपल्याला वाटते, सर्व ठीक आहे. वही उघडून पाहावी तर फळ्यावरून उतरवलेले पानच्या पान, आणि त्याचा अर्थ विचारला तर उत्तर नाही. न ऐकणाऱ्या मुलाला मराठीसुद्धा परक्या भाषेसारखी शिकावी लागते, हे आपण विसरतो. कॉलेजात प्राध्यापक तासभर बोलत राहतात, फळ्यावर फारसे लिहीत नाहीत. तिथे ह्या मुलाचा आधार एकच: स्वतः वाचून अर्थ लावण्याची शक्ती. म्हणून आठवीपासून त्याला रोज अर्धे पान नवे वाचायला द्यावे आणि त्यावर चार वाक्ये त्याच्या स्वतःच्या मनाने लिहवून घ्यावी. चुका होतील. व्याकरण मागाहून सुधारावे. शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये, तोंडापुढे पुस्तक धरू नये. खुणांची भाषा चोरून वापरायची गोष्ट नव्हे. भारतीय खुणांच्या भाषेच्या संशोधनासाठी व शिक्षणासाठी २०१५ साली केंद्र सरकारने दिल्लीत स्वतंत्र संस्था काढली आहे. श्रवणयंत्र असेल तर त्याचे सेल बदलणे, साचा धुणे, एक जादा सेल खिशात ठेवणे हे मुलाने करावे, आईने नव्हे.

हातापायांनी अधू मुलांच्या बाबतीत आपण जिन्याचा विचार करतो आणि तिथेच थांबतो. एका गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पुष्कळ मुली शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण त्यांना वापरता येईल असे संडास-मुतारीचे ठिकाण नसते. सकाळी नऊला घरून निघालेली मुलगी सायंकाळी पाचला परत येईपर्यंत तशीच बसते. मग पोटाची दुखणी येतात, मग गैरहजेरी, आणि मग "तिला झेपत नाही" असा शेरा. कॉलेज निवडताना ग्रंथालय पाहण्याच्या आधी हे ठिकाण पाहून यावे. दुसरे, वाढत्या वयात कॅलिपर आखूड होते, कृत्रिम पाय लहान पडतो. दहावीच्या सुट्टीत तो बदलून घ्यावा. केंद्र सरकारच्या मदतीने साधने देण्याची शिबिरे जिल्ह्याच्या ठिकाणी भरत असतात.

ज्यांची बुद्धीची वाढ मंद आहे अशा मुलांविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यासाठी कॉलेज हे माप लावणेच बरोबर नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा एकेक विषय करून, पाच वर्षांत नऊ संधी घेऊन देता येते. ज्याला झेपेल त्याने ती द्यावी. पण घड्याळ पाहणे, शंभराच्या नोटेचे सुटे मोजणे, ठरल्या वेळी ठरल्या जागी पोहोचणे आणि नको असेल तेव्हा 'नको' म्हणणे, ह्या चार गोष्टी ज्याला येतात त्याला दूध संकलनापासून रोपवाटिकेपर्यंत काम करता येते.

आता पोटापाण्याचे. जुन्या काळी ह्या बाबतीत ठरीव उत्तरे होती. आंधळा असेल तर वेताच्या खुर्च्या विणील किंवा टेलिफोनच्या बोर्डावर बसेल. पाय नसेल तर शिवणकाम. बहिरा असेल तर छापखाना. १९५९ साली मुंबईत शारीरिक दृष्ट्या अपंग असलेल्यांसाठी देशातले पहिले खास रोजगार विनिमय केंद्र निघाले, आणि १९६८ मध्ये मुंबईलाच व्यवसाय पुनर्वसन केंद्र आले. पुष्कळ घरांत त्यामुळे चूल पेटली, हे नाकारता येणार नाही. पण टेलिफोनचा बोर्ड गेला, खिळे जुळवणारा छापखाना गेला आणि वेताच्या खुर्चीच्या जागी प्लॅस्टिकची आली. अपंगत्वावरून धंदा ठरवला की असे होते. धंदा बदलतो, आणि हातात दुसरे काही नसते. म्हणून नववीत विचारावयाचा प्रश्न हा, की कोणी न सांगता हा मुलगा कशात रमतो? हिशोबात? माणसांशी बोलण्यात? यंत्र उघडून पाहण्यात? उत्तर तिथून काढावे, आणि मग त्या कामात अडचण कुठे येईल नि तिच्यावर उपाय काय, ते शोधावे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांचे उदाहरण आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी त्यांच्या कमरेखालचे बळ गेले. पुढे त्यांनी शिक्षण केले, केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. आणखी अलीकडचे उदाहरण उल्हासनगरच्या प्रांजल पाटील ह्यांचे. लहानपणीच दृष्टी गेली. मिलार्ड बाईंची १९०० सालची जी शाळा मघाशी सांगितली, तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा. तिथे त्या मराठीत शिकल्या. पुढे सेंट झेवियर कॉलेज आणि दिल्लीचे विद्यापीठ. संगणकाच्या आवाजावर अभ्यास करून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०१६ च्या निकालात त्या ७७३ व्या आल्या. रेल्वेच्या हिशोब खात्यात नेमणूक मिळायची होती. ती अंधत्वाच्या कारणावरून नाकारली गेली. त्या पुन्हा बसल्या, १२४ व्या आल्या, आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. अशी उदाहरणे सांगताना मला एक भीती वाटते. पालकांना वाटते, एक तर कलेक्टर, नाही तर घर. मधल्या पायऱ्याही पुष्कळ आहेत: तलाठी, लिपिक, शिक्षक, बँकेतला कारकून, दुकानदार, मोबाइल दुरुस्ती करणारा, दूध संस्थेचा सचिव. घरात पगार किंवा गल्ला आणणाऱ्या मुलीचे म्हणणे घरात ऐकले जाते; ते दिव्यांग मुलीच्या बाबतीत अधिकच खरे आहे.

नकार मिळणार हे मात्र मुलाला आधीच सांगून ठेवावे. २०२४ साली महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याला बोलण्यातल्या दोषाचे टक्के जास्त म्हणून वैद्यकीय शिक्षणाला अपात्र ठरवले होते. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि प्रवेश मिळवून आला. केवळ टक्के पाहून अपात्र ठरवू नये, तो विद्यार्थी तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का हे तपासावे, असे न्यायालयाने सांगितले. मार्च २०२५ मध्ये न दिसणाऱ्या उमेदवारांना न्यायाधीशाच्या परीक्षेचे दार बंद करता येणार नाही असाही निकाल झाला. पण प्रत्येक मुलगा दिल्लीपर्यंत जाऊ शकत नाही. बहुतेकांचा प्रश्न कॉलेजच्या कचेरीतल्या खिडकीपाशीच सुटावयाचा असतो, आणि तिथे स्वतःची अडचण स्वतःच्या तोंडाने, न रडता आणि न भांडता सांगता यावी लागते.

ह्याचा सराव करण्याची सोय आपल्या पाठ्यक्रमातच आहे. दहावीच्या मराठीच्या पेपरात औपचारिक पत्र असते. ग्रंथालयाला पुस्तके मागवणारे पत्र मुले दहा वेळा लिहितात. त्याऐवजी दिव्यांग विद्यार्थ्याकडून एक खरे पत्र लिहवून घ्या, ज्या कॉलेजात त्याला जायचे आहे तिथल्या प्राचार्यांना. दयेची भाषा नको. 'मी गरीब अपंग' अशी सुरुवात तर नकोच. एवढेच लिहावयाचे: "मी आपल्या महाविद्यालयात अकरावी वाणिज्य शाखेला प्रवेश घेऊ इच्छितो. मी चाकाच्या खुर्चीवरून हिंडतो. माझा वर्ग तळमजल्यावर असावा, प्रयोगशाळा व ग्रंथालय ह्यांकडे जाण्याचा उतार मोकळा असावा, आणि परीक्षेत मला जादा वेळ मिळावा, अशी विनंती आहे. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. प्रवेशापूर्वी मी एकदा महाविद्यालय पाहण्यास येऊ इच्छितो. आपण सांगाल त्या दिवशी येईन."

पत्र त्याने सांगावे, लेखनिकाने लिहावे. नाहीतर त्याने स्वतः टंकलिखित करावे. सही त्याचीच असावी, वाकडी असली तरी. आणि ते पोस्टाने पाठवू नये. गुरुजी, आपण त्याला घेऊन एकदा कॉलेजात जा. त्याला खिडकीपुढे उभे करा किंवा बसवा, आणि आपण चार पावले मागे थांबा. कारकून आपल्याकडे बघून विचारील, "ह्याला काय हवंय?" आपण उत्तर देऊ नका. मुलगा बोलेपर्यंत थांबा. आणि निघताना पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला त्याला सांगा.